पालथी गोधडी

उज्जैनला फ्रीगंजातल्या एका जुन्या घराच्या मागच्या खोलीत एक काकू गोधड्या पुऱ्या करून देतात. शिवलेलं त्यांच्याकडे येतंच. तुकड्याला तुकडा जोडून, इस्त्री फिरवून, पिशवीत नीट घडी घालून बायका घेऊन येतात आणि म्हणतात, "काकू, झालंय सगळं, नुसतं पुरं करायचंय." काकू पिशवीतलं कापड काढून टेबलावर पसरतात ते पालथं. शिवणी बघतात, बोट फिरवतात, कुठे थांबतात. मग म्हणतात, "हं. चला, आता सुरुवात करू."

त्या खोलीत मी चार-पाच वर्षं जाते-येते आहे. दोन पत्र्याच्या पेट्यांवर जुनं दार आडवं टाकून केलेलं टेबल, एक काळी पायमशीन, एक नवी मोठी मशीन, आणि भिंतीलगत फळीवर पुरं होण्याची वाट बघणारी गाठोडी. प्रत्येकावर चिठ्ठी. मी पुस्तकांवर लिहिणारी बाई. मला काही बघितलं की मत दिल्याशिवाय राहवत नाही. या खोलीत बसून माझं एक मत झालं, ते मांडते. तुकडे जोडून गोधडी होत नाही, पुरी केल्यावर होते. आणि आपण सगळ्यांनी, म्हणजे कवींनी, प्रदर्शनं भरवणाऱ्यांनी, गोळा करणाऱ्यांनी आणि समीक्षकांनी, आजवर तिचं नुसतं तोंड पाहिलं.

नुसत्या जोडलेल्या वरच्या थराला मराठीत आज चालता शब्द नाही. बायका सरळ 'टॉप' म्हणतात. हिंदीत 'अबरा' हा जुना शब्द आहे: अस्तराच्या उलट, वरचं कापड. आपल्याकडे तो 'अभ्रा' होऊन उशीवर जाऊन बसला. पण आपले बाकीचे शब्द बघा. तान्ह्या बाळाचं ते दुपटं, कारण त्याला दोन पदर. घडी चार पदरांची झाली की चौघडी. मराठीनं या वस्तूंना नावं ठेवताना वरचं चित्र पाहिलं नाही, थर मोजले. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणणाऱ्या भाषेनं लांबीही मोजली आणि जाडीही. रंग कसा, नक्षी कोणती, हे तिनं नावात घेतलं नाही. ज्या बायकांनी ही नावं ठेवली त्यांना कदाचित वरच्या तुकड्यांचं कौतुक असेलही. पण वस्तू ओळखायची ती आतून, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुरं करणं म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण ज्यांनी केलेलं नाही त्यांना ते किरकोळ वाटतं. खाली अस्तर ताणून पसरायचं, उलटी बाजू वर. त्यावर भर: पिंजलेल्या कापसाचा थर, नाहीतर जुन्या सुती साड्यांचे दोन-तीन पदर. त्यावर टॉप. तिन्ही थर मधून बाहेर असे हातानं सपाट करत जायचे आणि लांब लांब कच्चे टाके घालायचे. हे टाके शेवटी उसवायचेच असतात, म्हणून नवशिक्या बायका ते टाळतात, आणि तिथंच फसतात. मशीनचा दाब वरचं कापड पुढे ढकलतो, खालचं कापड दाते वेगळ्या चालीनं ओढतात; आधी टाचलेलं नसेल तर अस्तराला चुण्या पडतात, आणि त्या कळतात सगळं शिवून उलटं केल्यावर. भर सुट्या कापसाचा असेल तर टीप किती अंतरावर घालायची हा नुसता शोभेचा प्रश्न राहत नाही. अंतर जास्त पडलं तर दोन-चार धुण्यांत कापूस सरकून गोळे होतात. टीप फार दाट झाली तर गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. अंगावर पडत नाही, अंगावर उभी राहते. भैरवगढच्या बाटिकच्या चिंध्या असतील तर त्या आधी वेगळ्या धुऊन बघाव्या लागतात, नाहीतर लाल रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरायची धास्ती. आणि शेवटी गोट. काठ सरळ असला तर सरळ पट्टी चालते, गोलाई असली तर उरेब कापावी लागते. कोपरे दुमडून हातानं तुरपायचे.

जोडताना केलेली प्रत्येक चूक इथे वर येते. एखादीनं कडेचे तुकडे तिरक्या धाग्यावर कापलेले असतात. ते ओढले जाऊन काठ लहरतो. एखादीनं शिवणीला कापड इतकं कमी सोडलेलं असतं की ताण बसताच उसवतं. "इस्त्रीनं दोन दिवस झाकतं," काकू म्हणतात, "टाक्याखाली नाही झाकत." मला तर हे हस्तलिखित छापायला देण्यासारखं वाटतं. मित्रांना वाचून दाखवलेली कविता आणि अनोळखी माणसाच्या हातात पडलेली कविता यांत जे अंतर आहे, तेच टॉप आणि गोधडी यांत आहे.

आता बाहेरचं बघू. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात अमेरिकन क्विल्टांचं एक प्रदर्शन झालं. जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोघांनी जमवलेली क्विल्टं पांढऱ्या भिंतींवर चित्रांसारखी टांगली होती, आणि त्यांतली रंगांची मांडणी आधुनिक अमूर्त चित्रांच्या शेजारी ठेवून बघा, असं सुचवलं होतं. त्या प्रदर्शनानं क्विल्टला मान मिळाला हे खरंच. पण कुठला मान? पलंगावरून उचलून भिंतीवर नेलं की पाठ भिंतीकडे जाते, वजन जातं, ऊब जाते, आणि उरते ती रंगांची मांडणी, म्हणजे टॉप. दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, पॅट्रिशिया मेनार्डी या चित्रकार-समीक्षिकेनं क्विल्टांवर गाजलेला निबंध लिहिला आणि खडसावून विचारलं की या बायकांना नावं होती, त्यांना आपण काय करतोय हे कळत होतं, मग त्यांना अनाम आणि अजाण का ठरवता? मला तिचं म्हणणं पटतं. पण मी त्यात एक जोडीन. नाव परत दिलं तरी ते बहुतेक वेळा जोडणारीचंच दिलं जातं.

अलाबामातल्या जीज बेंड या नदीच्या वळणावरच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या क्विल्टांचं असंच झालं. २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तिथून ते व्हिटनीला गेलं, २००६ मध्ये त्या क्विल्टांची चित्रं अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली. जुन्या कामाच्या कपड्यांच्या, विरलेल्या डेनिमच्या त्या क्विल्टांपुढे कुणीही थक्क व्हावं. त्या वस्तीत टॉप बाई एकटी घरी जोडायची, आणि तो पुरा करायला शेजारणी एका चौकटीभोवती बसायच्या. नावाच्या पाटीवर एक बाई. टाक्यांत चार-पाच बायका. छापलेल्या चित्रात तर टाका जवळजवळ दिसतच नाही, कारण समोरून सपाट उजेड टाकून फोटो काढला की टाक्यांनी उठलेले उंचवटे पुसले जातात. तिरका उजेड पडला तर दिसतात. काकूंच्या खोलीत चारच्या सुमाराला पश्चिमेच्या खिडकीतून येतो तसा.

याच्या उलट उदाहरणं आपल्याच जवळ आहेत. बंगालच्या कांथेत वरचा थर असा वेगळा नसतोच. जुन्या साड्या-धोतरांचे थर एकत्र धरणारा धावदोरा हाच तिथं चित्र होतो, आणि चित्राभोवतीची मोकळी जागा त्याच टाक्यानं भरल्यामुळे कापडावर पाण्यासारख्या लहरी उठतात. कोलकात्याजवळ जोका इथल्या गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी नावाच्या बाईची एक कांथा आहे. वडिलांसाठी आपण ती आपल्या हातानं केली हे तिनं टाक्यांतच लिहून ठेवलंय. तिथं करणारीचं नाव पाटीवर लावायला कुणी लागत नाही.

आणि कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागातल्या सिद्दी बायकांची कवंदी. खाली साडी पसरायची, कडेपासून चिंधी ठेवायची, तिची कडा आत दुमडायची आणि सगळ्या थरांतून आरपार धावदोरा घालत, फिरत फिरत मध्याकडे यायचं. जोडणं आणि पुरं करणं एकाच टाक्यात. आमच्याकडे खेड्यांतल्या कितीतरी गोधड्या अशाच होतात. भोक पडलं की त्यावर ठिगळ, आणि ते ठिगळ धरायला घातलेला दोरा म्हणजेच गोधडीचं शिवण. कवंदीच्या चार कोपऱ्यांवर चिंध्या दुमडून त्रिकोणी 'फुला' लावतात. तो नसला तर कवंदी नागडी, असं त्या बायका म्हणतात. बघा, पुरं होण्याची खूण त्यांनी कोपऱ्यात ठेवली आहे, मधल्या नक्षीत नाही.

उज्जैनला राहून मला या सगळ्याशी एक जुनी ओळखही आठवते. शिप्रेकाठी भर्तृहरीची गुंफा आहे, नाथपंथीयांकडे तिची व्यवस्था आहे. राज्य सोडून जोगी झालेल्या भर्तृहरीच्या नावावरच्या 'वैराग्यशतका'त कंथा येते: शेकडो तुकड्यांची, जीर्ण. आमच्या विदर्भातल्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणायचे. या माणसांच्या अंगावरची कंथा कुणी आधी नक्षी ठरवून जोडली नव्हती. ती रोज वापरात होती म्हणून फाटत होती, आणि फाटत होती म्हणून शिवली जात होती. वैराग्याची खूण म्हणून आपण तिला पूजतो. मला ती वापराची खूण वाटते.

आता आपल्या लिहिण्याकडे येते. मराठीत गोधडीवर कमी लिहिलं गेलंय असं नाही. पण बहुतेक ठिकाणी ती एकच काम करते: आईची आठवण. तुकडा लुगड्याचा, तुकडा आजोबांच्या सदऱ्याचा, तुकडा बहिणीच्या परकराचा, आणि शेवटी ऊब म्हणजे माया. हे खोटं नाही. पण प्रत्येक वेळी तुकड्यांची यादी येते, आणि तुकडा कुणाचा यावर कविता संपते. टाका कुणाचा हे कुणी विचारत नाही. किती दिवस लागले, बोटाला किती वेळा सुई गेली, अस्तराला काय लावलं, धुवायला किती जड, पावसाळ्यात वाळली का, यातलं काही येत नाही. म्हणजे आपली कवितासुद्धा टॉपच जोडते. व्हिटनीच्या भिंतीला नावं ठेवायचा आपल्याला फारसा हक्क नाही. आपणही गोधडी भिंतीवरच लावली, फक्त भिंत आठवणींची.

काकूंच्या खोलीत पाहिलेल्या तीन कामांबद्दल आता लिहिते. मत असेल तर वस्तूवर लावून दाखवावं.

पहिलं एका शिक्षिकेचं. तिनं भैरवगढच्या कटपीसमधून आठ टोकांचा मोठा तारा जोडला होता. उज्जैनच्या या बाटिकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गावातल्या बायकांच्या शिवणाच्या डब्यात त्याच्या चिंध्या कधीपासून आहेत. निळा, गडद लाल, मेण तडकल्यानं पडलेल्या बारीक रेषा. तारा चांगलाच जमला होता, आठही टोकं मध्यात अचूक भेटत होती. घाई होती म्हणून तिनं तो एका मोठ्या शहरात, संगणकावर चालणाऱ्या लाँगआर्म मशीनवर पुरा करून आणला आणि गोट लावायला काकूंकडे दिला. त्यावर वेलबुट्टीची एकच नक्षी या टोकापासून त्या टोकापर्यंत दाट भरलेली होती. टाके एकसारखे, चूक शोधून सापडायची नाही. पण बाटिकच्या रेषा आधीच नाजूक, त्यावर ही वेल. दोन्ही एकमेकींवर ओरडत होत्या. तारा बुडाला होता. कापड हातात घेतलं तर घडी पडेना. मशीननं केलं म्हणून मी हे वाईट म्हणत नाही. काकूही मशीनवरच करतात बरंच. पुरं करणाऱ्यानं आधी टॉप वाचायला हवा होता, तो वाचलाच नव्हता. कुठल्याही टॉपवर चालेल अशी नक्षी निवडली की ती त्या टॉपची राहत नाही. पुस्तक न वाचता लिहिलेल्या प्रस्तावनेसारखं ते काम.

दुसरं काकूंचंच. एक म्हाताऱ्या बाई, नवरा गिरणीत होता. विनोद मिल, हिरा मिल या गिरण्यांनी हे गाव किती वर्षं पोसलं ते जुन्या माणसांना विचारावं; आता त्या नाहीत. त्या बाईंनी वर्षानुवर्षं जपलेले लाँगक्लॉथचे आणि चौकड्यांचे तुकडे जोडून आणले होते. शिवणी कुठे भेटत नव्हत्या, चौकोन चौकोन नव्हते. मी काकूंना म्हटलं, "थोडं उसवून सारखं करता येईल." काकूंनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "तुझ्या लेखात दुसरा कुणी वाक्यं सरळ करून देतो का गं?" म्हणाल्या. त्यांनी एकही शिवण उसवली नाही. तुकड्यांच्या रेषा सोडून, कडेपासून आत बोटाबोटाच्या अंतरावर हातानं धावदोरा घातला. सगळ्या वाकड्या रेषांवरून एकच शांत रेघ फिरत गेली आणि वाकडेपणा खुपायचा थांबला. तो गेला नाही. आहे तिथेच आहे, पण आता तो चूक वाटत नाही, चाल वाटते. पुरं करणाऱ्या हातानं काय करावं याचा याहून चांगला नमुना मी पाहिलेला नाही.

पण मला त्यात एक दोष दिसला आणि मी तो बोललेही. गोट झगझगीत लाल होता. पांढऱ्या-करड्या कापडाभोवती तो ओरडत होता. काकू म्हणाल्या, "त्यांनाच लाल हवा होता." मी म्हटलं, "तुम्ही समजावायचं ना." त्यावर त्या म्हणाल्या, "गोट सगळ्यात आधी झिजतो. पाच वर्षांनी त्याच बदलतील." माझं मत मी बदललेलं नाही, लाल चुकलाच. पण गोधडीत एक भाग बदलण्यासाठीच असतो, आणि तो अगदी दर्शनी असतो, हे मला तोवर सुचलं नव्हतं. भिंतीवरच्या चित्राच्या चौकटीला आणि गोधडीच्या गोटाला एकच न्याय लावून मी बघत होते.

तिसरं काम आईचं. याबद्दल लिहावं की नाही, हा विचार मी बरेच दिवस केला. पण वरचं सगळं मत खरं म्हणजे इथंच कसाला लागलं, म्हणून लिहिते.

आईचं माहेर कारंज्याचं, लाडांचं कारंजा. लग्नानंतर ती माळव्यात आली. घरात जुनं कापड फेकायचं नाही, ही शिस्त तिची. त्याला अपरिग्रह वगैरे मोठं नाव तिनं दिलं नाही. तिच्या शिवणाचे दोन नियम मात्र होते. रेशमाचा तुकडा लावायचा नाही, कितीही सुंदर असला तरी. त्यासाठी किडे उकळलेले असतात. आणि दिव्यापाशी शिवायचं नाही, कारण पावसाळ्यात दिव्यावर जीव येतात आणि सुईदोऱ्याच्या नादात हाताखाली सापडतात. म्हणून तिचं सगळं शिवण दिवसाउजेडीचं, दुपारच्या तासा-दीड तासाचं. शेवटचा टॉप तिनं जोडून संपवला, अस्तराचं कापड आणलं, आणि मग ती आजारी पडली. टॉप आणि अस्तर पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात अकरा वर्षं राहिलं.

त्या अकरा वर्षांत मी ते कितीदा उघडून पाहिलं असेन. बघायची ते पालथं करूनच. उलट्या बाजूला तिचा हात दिसायचा: पेन्सिलीचे आकडे, एक-दोन-तीन, कुठल्या ओळीत कुठला तुकडा ते कळायला, कमी पडलं तिथं साखरेच्या पिशवीच्या कापडाचा जोड, थकवा आला की लांबलेले टाके. वरून नुसते चौकोन. आत ती. मला ते फ्रेम करून लावायचं होतं, उलटी बाजू दर्शनी ठेवून. काकूंना विचारायला गेले तर म्हणाल्या, "मग माझ्याकडे कशाला आलीस? फ्रेमवाल्याकडे जा." आणि थोड्या वेळानं, "पुरं करायचं ठरलं तर ये."

आणि माझी पंचाईत झाली. गोधडी पालथी करून पाहा, असं सगळ्यांना सांगणारी मी. आणि पुरं करायचं म्हटलं की नेमकी ती पालथी बाजू कायमची आत जाणार. पेन्सिलीचे आकडे, साखरेच्या पिशवीचा जोड, लांबलेले टाके, सगळं भर आणि अस्तराच्या आड. पुन्हा बघायचं तर उसवूनच.

निर्णय मी कुठल्या विचारानं घेतला ते नीट सांगता येणार नाही. पण एक गोष्ट मला टोचत राहिली. ते आकडे आईनं मला वाचायला लिहिले नव्हते. ते आत जायचे म्हणूनच पेन्सिलीनं लिहिले होते. शिवणीला सोडलेलं कापड, बाजूला वळवून दाबलेल्या कडा, हे सगळं तिनं तीन थरांच्या हिशोबानं केलं होतं. अस्तर आणून ठेवलं होतं ते काय उगाच? ते उघडं ठेवून मी तिच्या शिवणाचा मान करत नव्हते, तिचा हिशोब मोडत होते. आणि अकरा वर्षं पेटीत सांभाळलेलं, न वापरता, न देता, हा परिग्रहच की. तिच्या नावानं केलेला, पण माझा.

मी आकडे वहीत उतरवून घेतले आणि टॉप काकूंना दिला. त्यांनी सुचवलं, आत मऊपणासाठी एक जुनी रेशमी साडी घालू. मी नको म्हटलं, आणि का ते सांगितलं. त्यांनी माझ्याच घरच्या तीन जुन्या सुती साड्या मागवल्या. चौथ्या ओळीत एक पट्टेरी चौकोन आडव्याऐवजी उभा लागला होता. तो फिरवायचा का, असं त्यांनी विचारलं. त्या गिरणीवाल्या बाईंच्या वेळी मला जे ऐकायला लागलं होतं ते लक्षात होतं. मी म्हटलं, राहू दे. धावदोरा त्यांनी हातानं घातला. दोन ओळी माझ्याकडून घालून घेतल्या. माझे टाके कुठले ते ओळखू येतात, लांब आहेत.

गेल्या थंडीपासून ती गोधडी माझ्या भाचीच्या अंगावर आहे. माळव्याच्या रात्री उन्हाळ्यातसुद्धा पहाटे गार होतात, त्यामुळे ती बाराही महिने लागते. एकदा धुऊन झाली. धुतल्यावर सुती कापड आकसलं, टाक्यांच्या आजूबाजूला बारीक सुरकुत्या धरल्या आणि ती मऊ झाली. मग मी ती गच्चीवर उन्हात पसरली आणि पहिल्यांदाच नीट, लांबून पाहिली.

आईचा रंगांचा अंदाज चुकला आहे. एका कोपऱ्यात गडद तपकिरी आणि मरून एकत्र आले आहेत आणि तो कोपरा सगळी गोधडी खाली ओढतो. उरलेल्या तीन कोपऱ्यांत हलके रंग तिनं नेमके वाटले आहेत, विशेषतः पिवळ्याची जागा. तिथं तिचा हात मला हेवा वाटावा असा आहे. उभा लागलेला पट्टेरी चौकोन लांबून दिसतसुद्धा नाही. काकूंचा धावदोरा त्या जड कोपऱ्यावरही त्याच अंतरानं गेला आहे, पण तो तिथं हवा तितका उठत नाही. गडद कापडावर गडद दोरा घेतला, तो चुकला, असं मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "खरंय."

पेटीत होती तोवर यातलं एकही वाक्य माझ्यानं म्हणवलं नसतं. तेव्हा ती आईची आठवण होती, आणि आठवणीला कोण नावं ठेवतं? आता ती एका बाईनं जोडलेली, दुसरीनं पुरी केलेली, तिसरी पांघरते अशी गोधडी आहे. तिच्याबद्दल बरं-वाईट बोलता येतं.

काकूंच्या फळीवर अजून बरीच गाठोडी आहेत. चिठ्ठ्यांवर तारखा आहेत, काही तर फार जुन्या. "नेतील," काकू म्हणतात, "मी फोन करते, त्या म्हणतात पुढच्या महिन्यात." तुमच्याही पेटीत एखादं असेल जोडून ठेवलेलं. ते बाहेर काढा आणि आधी पालथं घाला.